'कॅरेबियन व्हेज' डाएट चार्टचे पैसे भरण्याआधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.१, घरात मांसाहार नाही, डाएट सेंटरने दिलेला 'कॅरेबियन व्हेज' चार्ट हातात, शनिवारपर्यंत पॅकेजचे पैसे भरायचेत. हा चार्ट नाशिकमध्ये राहून पाळता येईल का, द्राक्षं चालतील का आणि चतुर्थीच्या साबुदाण्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. वर बऱ्याच जणांनी 'क्विनोआ अमुक दुकानात मिळतो' अशी मदत केली आहे. माझं उत्तर जरा वेगळं आहे.

आधी डिस्क्लेमर. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. केमिकल प्लांटवर आयुष्य गेलेला माणूस आहे. नोकरीच्या निमित्ताने कॅरेबियन बेटांतल्या त्रिनिदादला, पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीकडे राहिलो आणि पक्का शाकाहारी असल्यामुळे तिथल्या लोकांनी जे खाऊ घातलं त्यावरच जगलो. पुढे नाशिकला परतल्यावर माझाही रिपोर्ट तुमच्यासारखाच काठावर आला (५.७ ते ६.४ हा तो काठ). तुम्हाला गोळ्या चालू असतील, किडनीचं काही असेल, तर खालचं सगळं आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. चालणं, झोप, मिठाई बंद वगैरे इथे शंभरदा लिहून झालंय, ते पुन्हा लिहीत नाही.

आता त्या सेंटरबद्दल. माझं सेंटर तुमचंच असेल असं नाही, नावही घेणार नाही, पण पद्धत ओळखीची वाटली म्हणून सांगतो. मी रिपोर्ट घेऊन गेलो. पांढरा कोट घातलेल्या मुलीने त्याची झेरॉक्स काढली आणि फाइलला लावली. वाचला नाही. मी त्रिनिदादला राहिलोय म्हटल्यावर खूश होऊन कपाटातून छापील 'ट्रॉपिकल प्लॅन' काढला. त्यात भात बंद, नारळ बंद, भाकरीचा उल्लेखच नाही, क्विनोआ, अ‍ॅव्होकॅडो, काळा घेवडा, 'मल्टिग्रेन' ब्रेड आणि सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास स्मूदी: केळं, अननस, आंबा, वर पाकिटातला संत्र्याचा रस आणि चमचाभर मध. शिवाय त्यांचीच पावडर. मी विचारलं, साखर काठावर असताना एवढं गोड? उत्तर आलं, "सर, फळंच आहेत, नॅचरल शुगर आहे."

तीन महिन्यांनी एचबीएवनसी कमी व्हायचा तो वाढला. ही टेस्ट साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, त्यामुळे 'आदल्या रात्री काही खाल्लं असेल' ही पळवाट तिथे चालत नाही. तरी सेंटरवर ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही नक्की चीट केलं असणार, आता तीन महिन्यांचं अ‍ॅडव्हान्स पॅकेज घ्या.

तो चार्ट माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिला. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, घरी जाऊन या ग्लासातलं सगळं एका ताटात मांडा आणि चावून खाऊन बघा. मांडलं. दोन केळी, अननसाच्या चार जाड चकत्या, एका आंब्याच्या फोडी. बायको बघून म्हणाली, पाहुणे येणारेत का? केळी संपली, अननसाची दुसरी चकती खाताना जीभ चरचरायला लागली आणि आंब्याला हात लावायची इच्छाच उरली नाही. हेच सगळं, वर रस आणि मध घालून, मी रोज दोनदा उभ्या उभ्या प्यायचो. जागतिक आरोग्य संघटना फळांचा रस आणि मध या दोन्हींतली साखर मोकळ्या साखरेत धरते, म्हणजे चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत. सबंध फळातली साखर त्यात धरत नाही. आणि पाकिटावरच्या '१०० टक्के फळांचा रस' या दाव्याबद्दल म्हणाल, तर असे दावे काढून टाका असं एफएसएसएआयनेच (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२४ च्या जूनमध्ये कंपन्यांना बजावलंय.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा खरी गंमत कळली. पावतीवर 'न्यूट्रिशन किट' एवढंच लिहिलेलं. म्हणजे मी घेतले ते डबे, आणि चार्ट म्हणे 'कॉम्प्लिमेंटरी' होता! सल्ला चुकला म्हणून भांडायचं तर सल्ला त्यांनी विकलेलाच नाही. चार्टवर सही नाही, नाव नाही. मॅनेजर पुण्याला गेलेत, उद्या या, ईमेल करा, हेड ऑफिसला कळवलंय. त्या काउंटरसमोरच्या सोफ्यावर माझा जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी नागली (नाचणी) पेरून कापणी केली असती. शेवटी नाद सोडला, पण तुम्ही सोडू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते.

तेव्हा शनिवारी गेलातच तर दोनच गोष्टी मागा. पावतीवर 'आहार सल्ला' असं लिहून द्या, आणि चार्टवर सल्ला देणाऱ्याचं नाव, पदवी, सही. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) नोंदणी आहे का तेही विचारा. चांगले आहारतज्ज्ञ नाशिकमध्ये आहेत, ते हे न विचारता सांगतात. जो कां-कूं करतो त्याला नमस्कार करून बाहेर या. (काहींना हे मत टोकाचं वाटेल. वाटू दे.)

आता मुख्य मुद्दा. कॅरेबियन शाकाहारी जेवण म्हणजे क्विनोआ आणि अ‍ॅव्होकॅडोचा बाऊल नव्हे. मी तिथे कोणाच्या घरी क्विनोआ पाहिला नाही. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. त्यानंतरच्या सत्तरेक वर्षांत गेलेले बहुतेक लोक बिहार आणि उत्तर प्रदेशातले, त्यामुळे तिथल्या ताटात आजही डाळ, भाजी, रोटी आहे. वांग्याचं भरीत आहे, त्याला ते चोखा म्हणतात. चवळीच्या शेंगांची भाजी आहे. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून, वळकटी करून तळलेली 'सहीना' मला पहिल्यांदा कोणीतरी हातावर ठेवली तेव्हा मी क्षणभर पंचवटीतल्या घरी होतो. जमैका या दुसऱ्या बेटाचा तोंडवळा वेगळा. तिथे १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि त्यांचं 'आयटल' जेवण बिनमांसाचं, मीठ नाममात्र किंवा अजिबात नाही, चव सगळी पाल्याची, मिरचीची आणि नारळाची.

म्हणजे तुम्हाला हवं ते सगळं बुधवारी गोदाकाठच्या बाजारात मिळतं. मी काय करतो ते लिहितो, मापं आपापल्या घरच्या अंदाजाने.

राइस अँड पीज: तिकडे 'पीज' म्हणजे मटार नव्हे, राजमा किंवा तूर. थंडीत तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या की दाणे सोला, एरवी राजमा. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला पूर्ण शिजवून घ्या. स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका, अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट जबरदस्त बिघडतं. तांदूळ घोटी-इगतपुरीकडचा हातसडीचा, तासभर भिजवलेला. मूळ पद्धतीत तांदूळ जास्त आणि दाणे कमी असतात, मी दोन्ही सारखे घेतो. नारळाचं पहिलं दाट दूध बाजूला ठेवून दुसरं-तिसरं पातळ दूध वापरा. कांद्याची पात, लसूण, दोन लवंगा, चार मिरे. लवंग अशासाठी की जमैकन ऑलस्पाइसचा वास तिच्या सगळ्यात जवळचा. तिकडे वर एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची ठेवतात. आपण लवंगी ठेवायची, देठासकट, न फोडता. भात हलवताना ती फुटली तर जेवणाऱ्यांची खैर नाही, म्हणून आधी अलगद काढून घ्या.

कॅलालू: यूट्यूबवर लोकांचा घोळ होतो तो इथे. जमैकात कॅलालू म्हणजे माठासारखी पालेभाजी, ती नुसती कांदा-टोमॅटोवर परततात. त्रिनिदादमध्ये अळूची पानं, भेंडी, लाल भोपळा आणि नारळाचं दूध एकत्र शिजवून घोटतात. आपल्या रवीने छान घोटलं जातं. थोडा चिंचेचा कोळ घाला, त्यांच्या कृतीत नाही पण आपल्या अळूचा भरवसा नाही. हे फतफतं आणि नागलीची गरम भाकरी, बस.

चोखा करताना वांग्याला चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या आत खुपसून मग भाजा. दाण्याचं कूट नको. वरून चमचाभर तेलाची लसूण-फोडणी.

नागलीबद्दल एक बोलतोच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बायका बाजारात घेऊन बसतात, तीच घ्या, गिरणीतून दळून आणा, चाळून कोंडा टाकू नका. कॅल्शियम भरपूर, पण ते साखरेवरचं औषध नव्हे. भाकरी ही भाकरीच, तीन खाल्ल्या तर तीन मोजा. आणि ते मल्टिग्रेन पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढची सात धान्यं शोभेला आहेत.

रताळं, अळकुड्या, सुरण, कच्ची केळी यांना तिकडे 'प्रोव्हिजन' म्हणतात आणि उकडून खातात. सुंदर लागतं. पण रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा असं जे डब्ल्यूएचओ म्हणते, त्या हिशेबात बटाटा, रताळी, कसावा असले कंद धरत नाहीत. पोळी किंवा भात काढून त्या जागी कंद घ्यायचे, वर नाही. कसाव्यावरून साबुदाणा: तो त्याच कंदाचा चोथा काढून उरलेला स्टार्च आहे. चतुर्थीला खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही करा. राजगिरा क्विनोआच्याच कुळातला आहे आणि किंमत विचारताना छाती धडधडत नाही. सासूबाई ऐकत नसतील तर खिचडी वाटीभर, दाण्याचं कूट सढळ, आणि वाद नको.

द्राक्षं. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीचे नातेवाईक पेटी घेऊन आले की 'नको' म्हणणं नाशिककराला शोभत नाही. पंधरा-सोळा मणी वाटीत मोजून घ्या, पेटी वाटून टाका. टीव्हीसमोर घड घेऊन बसायचं नाही. पेरू, पपई, संत्रं यांत जास्त मोकळीक मिळते. आणि एक त्रिनिदादी युक्ती: 'चाव'. अननस किंवा कैरीच्या फोडींना लसूण, हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर ठेचून लावायची, मीठ चिमूटभर. असं तिखट फळ माणूस थोडंच खातो आणि समाधान जास्त होतं. पेरूला तर फारच छान.

बाकी किरकोळ. आयटल पाहून दूध-दहीही सोडणार असाल तर बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी घरांत ते आधीच कमी निघतं. घरात कोणाला किडनीचा आजार असेल तर शहाळं आणि केळी डॉक्टरांना विचारूनच, आणि कमरख (स्टारफ्रूट) अजिबात नको. त्रिनिदादमध्ये ते 'फाइव्ह फिंगर्स' म्हणून सर्रास खातात, पण खराब किडनीला ते विषासारखं असतं.

तिकडच्या हिरव्या वाटणातला मोठ्या पानांचा थाइम आपल्याकडे कुंडीत असतो, पानओवा. फांदी खोचली तरी लागते. इंदिरानगरच्या बाजूला कोणाला हवी असेल तर मेसेज करा.

आणि आता कोणीतरी त्रिनिदादच्या डबल्सची कृती विचारणारच. हळद घातलेल्या मैद्याचे दोन तळलेले बारे (मऊ पुऱ्या), मध्ये छोले, सकाळी सात वाजता गाडीवर उभं राहून खायचे. मला अजून आठवण येते. पण साखरेच्या धाग्यावर ती कृती देणार नाही, वेगळा धागा काढा.