'अलगाववादी' की 'फुटीरतावादी'?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आमच्याकडे बातम्या हिंदीत ऐकतात नि बोलणं मराठीत. स्पेनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या कॅटलोनियातल्या लोकांविषयी बोलताना मी 'अलगाववादी' म्हटलं, तर पुण्याची वहिनी म्हणाली, 'अगं, फुटीरतावादी म्हण.' दोन्ही एकच ना? आणि संप्रभुता म्हणजेच सार्वभौमत्व का?"

ताई, वहिनींचं चुकलेलं नाही. मराठी वर्तमानपत्रांत 'फुटीरतावादी' चांगला रुळलाय. पण दोन्ही शब्दांचं वजन सारखं नाही. आपल्या इंदुरी मराठीत भावाभावांची वाटणी झाली की 'धाकटा अलग झाला' असं सहज म्हणतात, त्यात राग असतोच असं नाही. तिथेच 'धाकटा फुटला' म्हणून बघा! खरं तर 'फुटणे' बिचारं निर्दोष आहे. पालवी फुटते, तांबडं फुटतं. 'फुटीर' मात्र नेहमी आमदारच निघतो. मूळचे ते खरे आणि हा दगाबाज, असा निकाल शब्दानेच देऊन टाकलेला असतो.

म्हणून हा शब्द कोण वापरतो ते पाहावं. १९७१ साली पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्या लेखी शेख मुजीब फुटीर. आपण मराठीत म्हणतो बांगलादेशचा मुक्तिसंग्राम. क्वेबेकमध्ये १९९५ च्या सार्वमतात कॅनडातून निघू पाहणारे जेमतेम एका टक्क्याने हरले. ते स्वतःला 'सार्वभौमत्ववादी' अशा अर्थाचा फ्रेंच शब्द लावतात. कॅटलोनियासाठी मी 'स्वातंत्र्यवादी' किंवा 'विभक्ततावादी' लिहीन. (वेगळ्या विदर्भाला मात्र यातलं काहीच लावू नका. ती देशात राहूनच केलेली मागणी आहे, घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात बसणारी.)

आता सार्वभौम. संस्कृतात त्याचा अर्थ सर्वभूमीचा ईश्वर, अख्ख्या पृथ्वीचा धनी. असा धनी एकच असणार. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत आणि सगळेच सार्वभौम! 'मी सगळ्यांच्या वर' हा अर्थ सरकत सरकत 'माझ्या वर कोणी नाही' इथवर आला. मधला टप्पा इंदूरनेच पाहिलाय. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांच्या डोक्यावर कंपनी बसली, गावात रेसिडेन्सी आली. संस्थानी काळातल्या मराठीत 'सार्वभौम सत्ता' म्हणजे इंग्रज. गादीवर बसलेले महाराज नव्हेत.

आणि अर्थ अजून हलतोच आहे. २०१२ साली बार्सिलोनात निघालेल्या प्रचंड मोर्चाची घोषणा होती, 'कॅटलोनिया, युरोपातलं नवं राष्ट्र'. म्हणजे वर माद्रिदचं स्पॅनिश सरकार नको, युरोपीय संघ चालेल. संस्कृत कोशातल्या सार्वभौमाला हे अजिबात पटलं नसतं.

संप्रभुता ही हिंदी. घटनेच्या उद्देशिकेत हिंदीत 'संपूर्ण प्रभुत्व-संपन्न' आहे, मराठीत नुसतं 'सार्वभौम'. मंत्र्यांची शपथ ऐका: मुंबईत 'सार्वभौमता व एकात्मता', भोपाळला 'प्रभुता और अखंडता'. हे शब्द शपथेत आले १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने, दक्षिणेत द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी गाजत होती तेव्हा. 'अखंडता'त तुकडा पडेल ही धास्ती ऐकू येते, 'एकात्मता'त मनं जुळण्याची अपेक्षा. मला मराठी शब्द जास्त भावतो. हा अर्थात घरचा पक्षपात.

तेव्हा मराठीत लिहिताना 'सार्वभौमत्व' लिहा. बोलताना तोंडून संप्रभुता निसटली, तर वहिनींना 'आमच्या इंदूरकडे असंच म्हणतात' सांगून मोकळ्या व्हा.