टॅरंटुला काचेवर चढतोय? आधी उंची मोजा

टॅरंटुला म्हणजे पाळला जाणारा मोठा, केसाळ कोळी. काचेच्या नव्या टाकीत आणल्यावर तो पहिले काही दिवस काचेवर फिरतोच. जागा अनोळखी असते, पायाखालची माती नवी असते. त्याला हात लावू नका, बहुतेक वेळा तो आपणहून खाली उतरतो.

तुमचा कोळी जमिनीवर राहणाऱ्या जातीचा असेल, तर खरी भीती पडण्याची. त्याचं पोट जड आणि नाजूक असतं. थोड्या उंचीवरून दगडावर आपटलं तरी फुटू शकतं. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. पसारा १२ सेंमी असेल तर १८ सेंमी पुरे. टाकी उंच आहे? मग ती बदलण्याऐवजी कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर वाढवा आणि नीट दाबून बसवा. चढायच्या जागेखाली दगड, टोकदार सजावट, कुंडीचे तुकडे ठेवू नका.

जाळीचं झाकणही काढाच. पायाची नखं जाळीत अडकतात, कोळी लटकून राहतो आणि पाय गमावतो. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक उत्तम.

आठवडा उलटूनही तो खाली टेकत नसेल, तर माती चाचपून पाहा. कोरड्या प्रदेशातल्या जाती ओल्या मातीवर पाय ठेवणं टाळतात. नवशिके इथेच चुकतात: रोज पाणी फवारतात. फवारणी थांबवा, पाण्याची वाटी ठेवा, हवा खेळू द्या.

ॲव्हिक्युलेरियासारख्या झाडावरच्या जातींना हे नियम लावू नका. त्यांना उंच टाकी आणि उभी साल द्या. वर राहणं हाच त्यांचा स्वभाव.