‘माझा गैरसमज आहे की…’ हे वाक्य का अडतं?

प्रश्न असा आहे: ‘त्याचा गैरसमज आहे की मी रागावलोय’ हे चालतं, ‘माझा गैरसमज होता की तो रागावलाय’ हेही चालतं. मग ‘माझा गैरसमज आहे की तो रागावलाय’ हे कानाला का खटकतं? व्याकरणाचा नेमका कोणता नियम मोडला?

एकही नाही. कर्ता, क्रियापद, काळ सगळं जागच्या जागी आहे. अडचण बोलणाऱ्याच्या जागेत आहे. ‘गैरसमज’ या शब्दात दोन गोष्टी एकत्र आहेत: अमुक व्यक्तीला असं वाटतं, आणि तसं नाही. दुसऱ्याबद्दल किंवा कालच्या स्वतःबद्दल या दोन्ही एका दमात सांगता येतात. आत्ताच्या स्वतःबद्दल सांगायला गेलं, तर दुसरी गोष्ट उच्चारताक्षणी पहिली उरतच नाही. चूक कळली की तो समज गेला.

जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने 1942 साली याच्या सख्ख्या भावंडाकडे लक्ष वेधलं. ‘पाऊस पडतोय, पण पडतोय असं मला वाटत नाही’ अशा धाटणीची ती वाक्यं. यातला चमत्कार असा, की वाक्य खरं असू शकतं. बाहेर पाऊस पडत असेल आणि मला त्याचा पत्ताही नसेल, यात अशक्य काही नाही. ‘तिला’ घालून पाहा, वाक्य सरळ होतं. मग ‘मला’ घातल्यावर ते कोसळतं कशामुळे? ठामपणे विधान करणं म्हणजेच ‘मी हे मानतो’ असं दाखवणं. पूर्वार्धाने जे दाखवलं, ते उत्तरार्ध नाकारतो.

लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाला हे कोडं फार मोलाचं वाटलं. 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये तो म्हणतो की ‘चुकीचं मानणे’ अशा अर्थाचं क्रियापद असतं, तर त्याचं प्रथमपुरुषी वर्तमानकाळी रूप अर्थपूर्ण ठरलं नसतं. मराठीत ‘गैरसमज असणे’ नेमकं तेच आहे! त्याने कल्पनेत मांडलेली गोष्ट आपण रोज बोलतो, आणि ते एक रूप नकळत टाळतो. मला हे विलक्षण वाटतं.

नुसत्या ‘समज’कडेही पाहा. ‘लोकांचा असा समज आहे की…’ म्हटलं की पुढे ‘पण’ येणार हे कळतंच. म्हणून ‘माझा समज आहे’पेक्षा ‘माझा समज होता’ किंवा ‘माझी समजूत होती’ जास्त ऐकू येतं.

‘भास’ मात्र वेगळा. ‘मला कुणी हाक मारल्याचा भास होतोय’ हे वर्तमानकाळातही बिनधास्त म्हणता येतं. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो, तो मोठा झालेला नाही हे ठाऊक असूनही मोठाच दिसतो. भास इंद्रियांत असतो, माहितीने तो जात नाही. गैरसमज मानण्यात असतो, म्हणून जातो. ‘म्हणे’चंही तसंच: ‘पाऊस पडतोय म्हणे, पण मला नाही वाटत’ यात काहीच खटकत नाही, कारण ‘म्हणे’ने विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली.

मूरच्या वाक्याचं भाषांतर करताना एक काळजी घ्यावी. ‘तसं मला वाटत नाही’ याचा मराठीत बहुधा ‘तसं नाही असं मला वाटतं’ असा अर्थ होतो. नुसता विश्वासाचा अभाव आणि उलटा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मूरचं कोडं दोन्हींचं होतं. अभावच सांगायचा असेल तर ‘याबद्दल माझं काहीच मत नाही’ असं उघड लिहावं.

तुमच्या वाक्यापुरतं: ‘तो रागावलाय असा माझा गैरसमज असेलही’ हे बरोबर, कारण ‘असेलही’मुळे चूक कबूल झालेली नाही, तिला जागा ठेवली आहे. ‘माझा गैरसमज झालाय का?’ हेही बरोबर. ‘माझे काही गैरसमज नक्कीच आहेत’ हेसुद्धा चालतं, फक्त त्यांपैकी एकाचंही नाव घेता येणार नाही.