खाडीकाठचा गंज: वाचकांचे तीन प्रश्न

वाशीला खाडीसमोर सातव्या मजल्यावर राहतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवर आठ महिन्यांतच चहाचे ओघळ सुकावेत तसे डाग पडले. फॅब्रिकेटरने फसवलं का?

आधी डाग कुठे आहेत ते बघा. फक्त जोडांपाशी असतील, तर ज्या चक्रीने लोखंड घासलं तीच स्टीलवर फिरवलेली असते. गंजतात ते रुतलेले लोखंडाचे कण. सगळीकडे असतील तर २०२ हे स्वस्त स्टेनलेस स्टील माथी मारल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्ही त्याला जवळपास चिकटत नाहीत. मँगॅनीज ओळखणारं थेंब-चाचणीचं द्रव वापरा, २०२ मध्ये मँगॅनीज भरपूर असतं. पण खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात अस्सल ३०४ लाही डाग पडतात, विशेषतः पृष्ठभाग खरखरीत असेल तर. पावसाने न धुतली जाणारी खालची बाजू आधी खराब होते.

डाग काढायला लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. लाद्यांचं अ‍ॅसिड, ब्लीच आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. पहिल्या दोघांतलं क्लोराइडच स्टीलला खातं. पावसाळा सोडून दर पंधरवड्याला नुसतं पाणी मारा. नवीन करायचंच असेल तर ३१६ ही खाऱ्या हवेत जास्त टिकणारी प्रत घ्या, गुळगुळीत फिनिशमध्ये.

रबाळ्याच्या कारखान्यात ३१६एलच्या (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) टाकीत ८० अंशांचं मिठाचं पाणी असतं. वेल्डिंगशेजारी केसासारख्या भेगा आल्या, पण जाडी कमी झालेली नाही. जाड पत्रा घालावा का?

नको. हे झिजणं नाही, ताणाखालचं तडकणं आहे. वेल्डिंगचा उरलेला ताण, क्लोराइड आणि साधारण ६० अंशांपुढचं तापमान एकत्र आलं की ३१६एल तडकतं. जाड पत्रा यांतलं काहीच काढत नाही. भेगेवर वेल्डिंगचं ठिगळ मारलं तर नवा ताण येतो आणि भेग शेजारी उगवते. बाहेरून इन्सुलेशनही उघडून बघा: पावसाचं पाणी आत मुरून आटतं आणि मीठ साचतं. डाय-पेनिट्रंट चाचणी (भेगेत रंग मुरवून ती दिसती करणारी) दोन्ही बाजूंनी करा.

बदलायचं तर २२०५ डुप्लेक्स, म्हणजे असं तडकणं जास्त सोसणारं स्टेनलेस स्टील. क्रोमियम, अधिक ३.३ पट मॉलिब्डेनम, अधिक १६ पट नायट्रोजन या टक्केवारीच्या हिशेबाने ३१६एलचा गंज सोसण्याचा आकडा साधारण २४, तर २२०५ चा ३५. पण वेल्डर सरावाचा हवा: २२०९ ची भरण-तार, दोन थरांमध्ये तापमान १५० अंशांच्या आत, आणि वेल्डिंगनंतरचा निळसर-तपकिरी रंग पिकलिंगने, म्हणजे आम्लाच्या लेपाने किंवा द्रावणाने, काढलेला. तो तसाच राहिला, तर महाग धातू घेऊनही गंज तिथूनच सुरू होतो.

ठाण्यात जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) ग्रिलला ऑइलपेंट दिला, वर्षात पापुद्रे सुटले. प्रायमर निकृष्ट होता का?

बहुधा नाही. ऑइलपेंटमधल्या तेलाचा जस्तावर साबण होतो, म्हणून तो सुटतो. सगळा खरवडून काढा, तेलकटपणा पुसा, जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन पकड देणारा, आणि वर इपॉक्सी किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट द्या. वेल्डिंगने जस्त जळालेल्या जागी आधी जस्तयुक्त पेंट.