नाटक एक, डिस्क तीन

प्रश्न : भाऊ, माझे बाबा दहा-बारा वर्षं लग्नाच्या शूटिंगसोबत मंडईच्या जत्रेतली नाटकं आणि दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यंही शूट करायचे. त्यांच्या मिनीडीव्ही कॅसेटी मी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून राहिलो आहे. जुन्या कॉम्प्युटरवर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या फाइल साठवायची सिस्टिम) टाकलं आणि चार डिस्क लावल्या : ४ टीबीच्या दोन, २ टीबीची एक, १ टीबीची एक. आतापर्यंत जवळपास ५ टीबी भरलं. पण एका डिस्कवर 'नाटक', दुसरीवर 'नाटक नवीन', तिसरीवर 'बाबांचे नाटक' असे फोल्डर झाले. एकाच नाटकाच्या सहा कॅसेटी तीन डिस्कवर पडल्या. आई टीव्हीवर जेलिफिन (साठवलेले व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बसते तर दुसरा अंक सापडतच नाही. चारही डिस्क जोडून एकच मोठी डिस्क करायची, म्हणजे रेड, ती करून टाकू का?
– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : रेड करू नका, भाऊ. रेडमध्ये सगळ्या डिस्क सर्वांत लहान डिस्कच्या मापाने धरल्या जातात. तुमच्या ११ टीबीची रेड ५ केली (त्यात एका डिस्कएवढी जागा राखीव जाते) तर हाती ३ टीबी येतील, आणि त्याआधी चारही डिस्क पुसाव्या लागतील. तुमचं सामानच ५ टीबीचं आहे.

तुम्हाला हवं ते मर्जरएफएस. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये त्याचं प्लगिन मिळते. वेगवेगळ्या डिस्कवरचे सारख्या नावाचे फोल्डर ते एकच फोल्डर म्हणून दाखवते. फाइल मात्र कुठल्या तरी एकाच डिस्कवर अख्खी राहते. धानाचं पोतं फोडून अर्धं या खोलीत, अर्धं त्या खोलीत कोणी ठेवत नाही, तसंच. त्यामुळे उद्या एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरचं जसंच्या तसं हाती राहते.

पण ते चालू करायच्या आधी नावं सुधरवा. खरं काम तेच आहे, आणि माझं जे नुकसान झालं तेही इथेच. माझ्या दोन डिस्कवर 'दंडार' फोल्डर होता आणि दोन्हींत 'कॅसेट १' नावाची फाइल. एक आमच्या गावची, दुसरी मामाच्या गावची. मर्जरएफएसला एकाच रस्त्यावर, म्हणजे सारख्याच फोल्डरात, एकाच नावाच्या दोन फाइल दिसल्या की ते एकच दाखवते, दुसरी तिच्याखाली झाकली जाते. मला ते माहीत नव्हतं. समोर दिसणारी फाइल माझ्याजवळ दुसरीकडेही होती, म्हणून मी ती पुसली. अशा वेळी पुसायचा हुकूम दोन्ही डिस्कवर चालतो. मामाच्या गावची दंडार गेली. मूळ कॅसेट काढून पाहिली तर फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके, चालेचना. त्या दंडारीत नाचणारे दोघे आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी कधीतरी मागितली तर द्यायला माझ्याजवळ काही नाही. तुमच्या बाबांच्या मेहनतीचं असं होऊ नये, म्हणून इतकं लांबवून सांगतो.

तर प्रत्येक डिस्क वेगळी उघडा, तिच्या स्वतःच्या रस्त्याने, आणि सगळ्यांवर सारखीच रचना करा : नाटक, मग हंगाम, मग गाव आणि नाटकाचं नाव, मग 'कॅसेट ०१', 'कॅसेट ०२'. हंगाम '२००८-०९' असा लिहा. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत चालतात. नुसतं साल टाकलं तर एकच हंगाम दोन फोल्डरमध्ये तुटते. दंडार, खडी गंमत, लग्न यांचे फोल्डर वेगळे. नाव अक्षरशः सारखं पाहिजे, मागे एक जागा सुटली तरी लिनक्सला तो दुसराच फोल्डर वाटते.

नवी फाइल कोणत्या डिस्कवर जाईल, ते मर्जरएफएसची पॉलिसी, म्हणजे त्यात निवडलेला नियम, ठरवते. सर्वांत मोकळी डिस्क निवडणारी एमएफएस लावली तर सहा कॅसेटी पुन्हा पांगू शकतात. तुम्ही एमएसपीएमएफएस लावा. ज्या डिस्कवर त्या नाटकाचा फोल्डर आहे तिथेच ती पुढची कॅसेट टाकते आणि जागा संपली तरच दुसरीकडे वळते. मिनीडीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी, म्हणजे तुमचं सहा कॅसेटींचं नाटक ७८ जीबीचं. नवं नाटक उतरवायला घेण्याआधी त्या डिस्कवर १०० जीबी मोकळे आहेत ना, एवढं पाहून घ्या.

४ टीबीची एक डिस्क या पूलमध्ये, म्हणजे मर्जरएफएसने एकत्र दाखवलेल्या डिस्कमध्ये, घेऊ नका. ती स्नॅपरेड या सॉफ्टवेअरच्या पॅरिटीसाठी ठेवा (पॅरिटी म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिच्यावरचं परत काढायला लागणारा हिशेब), कारण पॅरिटीची डिस्क बाकीच्यांतल्या सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी लागते. उरलेल्या तिघींचे ७ टीबी होतात, तुमचं ५ टीबी त्यात मावते. पॅरिटीची ती डिस्क रिकामी करताना 'मूव्ह' करू नका. आधी आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रामने कॉपी करा, चेकसम लावून (दोन्ही फाइल हुबेहूब आहेत का ते) पुन्हा तपासा, मगच मूळ पुसा. स्नॅपरेड तुमच्यासारख्या संग्रहासाठीच आहे, फाइल एकदा आली की बदलत नाही. ते आपोआप चालत नाही, नवी कॅसेट उतरवली की त्याच रात्री सिंक, म्हणजे पॅरिटी ताजी करायचा हुकूम, द्या. सिंकनंतर काही फाइल पुसल्या आणि पुन्हा सिंक देण्याआधी दुसरी डिस्क मेली, तर तिच्यावरच्या काही फाइल परत येणार नाहीत. म्हणून पुसापुशी कमी ठेवा.

जेलिफिनला एकट्या डिस्कचा रस्ता देऊ नका, फक्त पूलचा द्या. लायब्ररीचा प्रकार घरगुती व्हिडिओचा निवडा. सिनेमाचा निवडला तर ते नाटकाच्या नावावरून इंटरनेटवर भलताच पिक्चर शोधून त्याचं पोस्टर चिकटवते. आईला मग '२००८-०९'मध्ये गेलं की सहाही कॅसेटी ओळीने दिसतील.

यूपीएस घ्याच. स्नॅपरेड म्हणजे बॅकअप नाही, वीज पडली तर चारही डिस्क एकदम जाऊ शकतात. निवडक नाटकं तरी एका वेगळ्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा काकाकडे ठेवा. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी आपलं कपाट उघडून कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. गावोगावच्या कपाटांत अशा किती रात्री पडून असतील!

कॅसेटी फेकू नका. पावसाळा लागायच्या आत झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या उभ्या ठेवा, आणि ज्यांच्यावर पांढरे ठिपके दिसतील त्या कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते.