चिऱ्याच्या घरात वायफाय पडवीपर्यंत कसं न्यायचं?

प्रश्न : नमस्कार. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, भिंती चांगल्या जाड. नुकतंच फायबरचं कनेक्शन घेतलं, मशीन ओटीवर टीव्हीच्या मागे बसवलंय. ओटीवर नेट सुसाट पण माजघरात एक काडी आणि मागच्या पडवीत काहीच नाही. मुलगी बारावीला आहे, क्लास ऑनलाइन, ती बिचारी आल्यागेल्यांच्या गडबडीत ओटीवरच बसते. दुकानदार म्हणतो रिपीटर लावा, केबलवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या. जुन्या कनेक्शनचा राउटर पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मोठ्या प्लॅनचं आधी डोक्यातून काढून टाका. ओटीवर नेट सुसाट आहे म्हणजे लाइन ठणठणीत आहे, अडतंय ते भिंतीत, प्लॅन तिप्पट केलात तरी पडवीत शून्यच येणार. रिपीटरही एवढ्यात नको. तो जिथं लावाल तिथं जेवढी रेंज पोचते तेवढीच पुढं देतो, आणि साधा रिपीटर घेणं-देणं एकाच चॅनलवर करतो त्यामुळं स्पीड निम्म्यावर येतो.

पहिलं काम फुकटातलं. मशीन टीव्हीच्या मागून काढा, टीव्हीचा पत्रा रेंज अडवतो. माजघराच्या दाराजवळ, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा, लोखंडी कपाटाशेजारी नको. फायबरची वायर मात्र स्वतः ओढू नका, ती काटकोनात दुमडली की आतली काच तुटते आणि मशीनवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. केबलवाल्यालाच बोलवा. आणि मोबाइलवर दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी, तर माजघरात दुसरं नाव लावून बघा, ते २.४ गिगाहर्ट्झचं असतं, स्पीड कमी पण भिंतीतून जास्त पुढं जातं.

पडवीसाठी तुमचा जुना राउटर अगदी कामाचा आहे! फक्त मधे वायर टाकायची, कॅट ६ लॅन केबल, ती १०० मीटरपर्यंत चालते म्हणजे घराला भरपूर झाली. घरातूनच न्या, वाशांच्या कडेनं वगैरे, लाइटच्या वायरीपासून थोडी लांब, बाहेरून नको, कोकणात विजा कडाडतात तेव्हा बाहेरची तांब्याची वायर दोन्ही मशीनं घेऊन जाऊ शकते.

आता सेटिंग. जुना राउटर रिसेट करा, मागचं बारीक बटण टाचणीनं १० सेकंद दाबून. मोबाइल त्याच्या वायफायला जोडा, मोबाइल डेटा बंद ठेवा, ब्राउझरमधे राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (आकडे इंग्रजीतच टाइप करा). आत अॅक्सेस पॉइंट मोड (वायरीतून आलेलं नेट नुसतं वायफायवर पुढं देणारा) दिसला तर तोच निवडा, वायफायचं नाव-पासवर्ड ओटीवरच्यासारखा ठेवा, लॉगिनचा पासवर्ड बदला, बाकीचं तो स्वतः करतो. नसेल तर आधी वायफायचं नाव-पासवर्ड ओटीवरच्यासारखाच ठेवा, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२, लॉगिनचा पासवर्ड बदला, मग डीएचसीपी (मोबाइलना पत्ते वाटायचं काम, ते ओटीवरचं मशीन करतंच) बंद, आणि सगळ्यात शेवटी लॅनचा पत्ता (या राउटरचा स्वतःचा) बदला, ओटीवरचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. हा क्रम पाळा कारण पत्ता बदलला की पान तुटतं आणि माणूस घाबरून परत रिसेट मारतो. मग वायर ओटीवरच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही, सगळी गडबड तिथंच होते.

हे एवढं आवर्जून करा, मुलीला शांत कोपरा मिळायलाच हवा, बारावीचं वर्ष आहे.

प्रश्न : लाइट गेली की फायबरचं नेटही जातं, असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही, त्यामुळं घरातलं मशीन लाइटवरच चालतं. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, पण आधी अॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बऱ्याच मशीनना १२ व्होल्ट लागतात, यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल. आणि केबलवाल्याला विचारून घ्या त्याच्याकडं बॅकअप आहे का, नसेल तर तुमचा यूपीएस असूनही नेट बंदच राहील.