खासदाराच्या सभेतून माल चीनला जातो का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायोमध्ये पाण्याच्या पंपांची सीलं बनवतो. कामगार चौदा. तिथल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाने 'लहान उद्योजकांसाठी चीनची बाजारपेठ' अशी सभा ठेवली आहे. तो म्हणतो, फोटो काढून घेतील आणि चहा देतील. जावं का? – एक वाचक

उत्तर : ताई, जाऊ दे त्याला. गिऱ्हाईक मात्र तिथे मिळायचं नाही. लोकप्रतिनिधी दोन कामं करू शकतात : पैसे मंजूर करणं आणि अडकलेला कागद हलवणं.

पैशांचं आधी. २०१० च्या लघुउद्योग कायद्यातून 'स्टेप' योजना आली. केंद्राचे पैसे राज्याकडे येतात, राज्य आपला वाटा घालतं आणि त्यातून परदेशी प्रदर्शनातला गाळा, वेबसाइटचं भाषांतर, मालाची चाचणी अशा खर्चाला हातभार लागतो. धंदा किमान वर्षभर जुना आणि नफ्यात हवा. बहुतेक ठिकाणी आधी खिशातून घालायचे, मग पावत्या द्यायच्या. पावती हरवली की संपलं.

उधारी बुडण्याची भीती असेल तर अमेरिकेच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचा विमा आहे, लहान निर्यातदाराला बिलाच्या ९५ टक्क्यांपर्यंत. पण २०१५ मध्ये याच काँग्रेसने बँकेची सनद, म्हणजे काम करायची मुदतबंद परवानगी, संपू दिली आणि जुलै ते डिसेंबर नवं काम बंद पडलं. म्हणून सभेत हात वर करून एवढंच विचारावं : सनद ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे, तुमचं मत कुठे पडणार?

कागद हलवण्याचं काम सभेपेक्षा मोलाचं. केंद्राच्या खात्यात परवाना अडकला तर कार्यालयातला केसवर्कर चौकशी करतो. त्यासाठी सहीचा 'प्रायव्हसी रिलीज' फॉर्म लागतो. तो त्याच दिवशी मागून आणावा. चीनच्या कस्टमवर मात्र त्याचं काही चालत नाही.

मी तीस वर्षं निर्यातीच्या कागदांत काढली. एकदा पतपत्रात (गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी) 'कंपनी' आणि आमच्या बिलावर 'कं.' एवढ्यावरून समोरच्या बँकेने पैसे अकरा दिवस रोखले. अशा वेळी कुठलाच खासदार धावून येत नाही. तसंच नावाचं. चीनमध्ये ट्रेडमार्क साधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याचा. प्रदर्शनात सील मांडण्याआधी अर्ज करायचा, आणि चिनी लिपीतल्या नावाचाही. गाळ्याला भेट देणारा दुसराच कोणी तुमचं नाव नोंदवून बसला, तर ते सोडवायला गाळ्यापेक्षा जास्त खर्च येतो.

सभेला जाताना सीलचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक, चिठ्ठीवर लिहून न्यावा. पहिले सहा आकडे जगभर तेच, पुढचे चीनचे स्वतःचे. आयातशुल्क हल्ली सारखं बदलतं, आणि कोडशिवाय ते किती पडेल हे व्यासपीठावरचं कुणीही सांगू शकणार नाही.